बारा महिन्यांचा श्रावण

आषाढ अमावास्येला दुपारी तीनच्या सुमारास आमच्या हॉटेलातली कोळशाची भट्टी विझते. ती पुन्हा पेटते थेट अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मधला दीड महिना फळ्या लागलेल्या असतात आणि आत हॉटेलचा वास हळूहळू ओसरत जातो. आधी कांदा जातो, मग तव्यावरच्या चरबीचा जड, गोडसर दर्प जातो. सिरका सगळ्यात शेवटी जातो, कारण तो भिंतीत मुरलेला असतो. तिसऱ्या श्रावणी सोमवारपर्यंत नुसता ओल्या चुन्याचा वास उरतो. मग एखाद्या दुपारी मी बाजूच्या दरवाजाने आत शिरतो, पालथ्या घातलेल्या खुर्च्यांमध्ये उभा राहतो आणि क्षणभर हे हॉटेल कुणाचं, असा प्रश्न मला पडतो.

लालबागच्या गल्लीत तीन पिढ्या चालत आलेलं हे हॉटेल हॅम्बर्गरचं आहे, असं सांगितलं की नवखा माणूस हसतो. त्यात त्याची चूक नाही. माझे आजोबा वेंगुर्ल्याहून मुंबईला आले ते बोटीवर लागले. भटारखान्यात कांदे सोलता सोलता तिथल्या आचाऱ्याकडून ते ही एकच गोष्ट शिकले, आणि समुद्र मानवेना म्हणून परतल्यावर गिरणीच्या फाटकासमोर त्यांनी तीच विकायला ठेवली. खिमा मात्र मटणाचा, त्यात आलं, मिरची आणि घरचा मसाला. पाव शेजारच्या बेकरीतला, गोल. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लोक 'बोटवाल्यांचं हॉटेल' असंच म्हणत आले.

आजोबांनी घालून दिलेल्या रीती आजही चालू आहेत. खाद्यपदार्थांचं कार्ड नाही, कारण पदार्थ एकच. निळ्या काठाच्या तामचिनीच्या थाळीत तो येतो, सोबत सिरक्यातला कांदा आणि एक तळलेली मिरची. बाटलीतला सॉस मागितला तर नम्रपणे नाही म्हणायचं. आणि थाळी समोर ठेवण्याआधी सुरीने त्याचे दोन भाग करायचे. गिरणीतले दोन कामगार एक थाळी वाटून खात, म्हणून ही पद्धत पडली. आता समोरच्या काचेच्या इमारतीतून आलेली मुलं विचारतात, "अंकल, कापलं कशाला? फोटो नीट येत नाही." पुढच्या वेळीही कापूनच देतो.

खिम्याच्या त्या गोल थापलेल्या वड्याला आमच्या घरात चकती म्हणतात. या सगळ्यात मोलाची होती ती चकतीच, आणि ती हॉटेलात होत नसे. ती होई वर, पहिल्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत, काकूच्या हातांनी.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. लग्नानंतर सहा वर्षांनी काका गेले, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. तेराव्याचे पाहुणे गेल्यावर आजीने खिम्याची परात तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "आता ह्यां तुझा." समजूत नाही, सांत्वन नाही. पण त्या एका सरकवण्याने काकूला या घरात जागा मिळाली, हे घरातल्या प्रत्येकाला कळलं. आजीचा तळहात रुंद होता, काकूचा लहान. आठवडाभर गिऱ्हाइकं कुरकुरली, की चकती पावाच्या आत बुडते. दादा, म्हणजे माझे वडील, तव्यावरून मान वर न करता एवढंच म्हणत, "हात बदललाय. सवय होईल." सवय झाली, आणि पुढे तर काकूच्या तळहाताएवढी तीच चकती, असं माप ठरून गेलं.

ती पहाटे पाचला बसायची. एक पाय दुमडून, एक लांब सोडून. खिम्याचा गोळा डाव्या हातावर घ्यायची, उजव्या हाताने तीनदा थापटायची, कडा बोटांनी वळवायची आणि शेवटी मधोमध अंगठ्याने दाबून एक खळी पाडायची. ती खळी नसली तर तव्यावर चकती मध्ये फुगते आणि पाव डुगडुगतो. हे मला पुष्कळ नंतर कळलं. लहानपणी वाटायचं, काकू प्रत्येक चकतीवर आपली खूण करते आहे. डबा भरला की तो दोरीला बांधून गॅलरीतून खाली सोडायचा. "दिगू, धर रे!" असं ती वरून ओरडायची आणि मी खाली हात वर करून उभा असायचो. आमच्या घरातल्या बायका हॉटेल चालू असताना खाली येत नसत. तशी रीतच होती आणि त्या रीतीला कुणी कधी नाव ठेवलं नाही. त्यामुळे जिच्या हातचं अर्धं लालबाग खात होतं, तिने कुणाला खाताना कधी पाहिलंच नव्हतं.

श्रावणात मात्र काकू निराळी दिसायची. एरवी तिच्या हातांना लसणाचा वास कायमचा असे. लिंबू चोळलं, साबण लावला, तरी तो जायचा नाही. अमावास्येच्या संध्याकाळी ती दोन्ही हातांना खोबरेल तेल चोळत गॅलरीत बसायची. मग महिनाभर त्या हातांना बेलाचा, उगाळलेल्या चंदनाचा, प्राजक्ताचा वास. ती बोटं नाकाशी नेऊन हसायची आणि म्हणायची, "श्रावणात माझे हात माझे." ती एरवी मुंबईचीच भाषा बोले, पण फार आनंदात किंवा फार रागात असली की मालवणी बाहेर येई. आमच्याकडे श्रावण म्हणजे उपासतापास कमी आणि भांड्यांना कल्हई, खुर्च्यांना वेत, भिंतींना चुना असंच जास्त असे. बिडाचा मोठा तवा मीठ आणि तेलाने घासून जुन्या धोतरात गुंडाळला जाई. दादा ते काम कुणाला करू देत नसत.

ज्या श्रावणाबद्दल मी लिहायला बसलो आहे, त्याला आता वीस वर्षं होतील. मी छत्तिशीत होतो. गिरण्या बंद होऊन काळ लोटला होता, त्यांच्या जागी काचेच्या इमारती उठत होत्या, आणि तिथल्या एका कचेरीतून रोजच्या मोठ्या मागणीची विचारणा आली होती. त्यांचा एक माणूस पाहणीला आला. चांगला सभ्य, तरुण माणूस. त्याने विचारलं, "एका पॅटीचं वजन किती?" मी म्हणालो, "काकूच्या तळहाताएवढी असते." तो हसला. त्यात कुचेष्टा नव्हती, त्याला ते गोड वाटलं असावं. पण माझे कान तापले. त्या एका हसण्याने मला आमचं सगळंच, ती दोरी, तो डबा, फरशीवर पाय पसरून बसलेली काकू, एकदम लाजिरवाणं वाटू लागलं.

आज मी स्वतःला वारंवार विचारतो, की मला काकूचे कष्ट वाचवायचे होते की त्या लाजेतून सुटका हवी होती? तेव्हा मी स्वतःला पहिलंच उत्तर दिलं आणि त्यावर विश्वासही ठेवला. माणूस स्वतःच्या हेतूबद्दल किती सहज समाधानी होतो! फळ्या लागलेल्याच होत्या. त्या दीड महिन्यात मी चकत्या दाबण्याचं एक यंत्र आणून मागच्या बाजूला बसवलं. खिमा घालायचा, दांडा ओढायचा, ठरल्या वजनाची गोल चकती बाहेर. दादांना सांगितलं, ते गप्प राहिले. काकूला सांगितलं नाही. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

आणि मी तो दिला. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, भट्टी पेटल्यावर, मी काकूला खाली बोलावलं. हॉटेल भरलेलं होतं. दीड महिना वाट पाहिलेले लोक दारापर्यंत उभे होते. मी झेंडूचा हार आणला होता, एक शाल आणि नारळ. आपल्याकडे एखाद्याचा मान करायचा म्हटलं की आपल्याला हे एवढंच सुचतं, आणि एखाद्याला निरोप द्यायचा म्हटलं की तेव्हाही हेच. हा फरक मला त्या दिवशी दिसला नाही. काकू दारात येऊन थबकली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि मान खाली घालून मी दाखवलेल्या खुर्चीवर टेकली.

मी छोटंसं भाषण केलं. पाठ करून आलो होतो. "काकूंनी तीस वर्षांहून अधिक काळ या वास्तूची सेवा केली," असं काहीसं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अहो-जाहो केलं. शाल पांघरली, हातात नारळ दिला. ती नारळाकडे बघत बसली. तिला वाटलं असावं, हॉटेलला काही वर्षं पूर्ण झाली असतील, त्याचं काहीतरी आहे. मग उठता उठता, अगदी हळू, तिने मला विचारलं, "बरा. उद्या किती करूच्यो?"

उद्या किती करायच्या. रोज संध्याकाळी ती हाच प्रश्न विचारायची.

मी हसलो. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून म्हणालो, "काही नाही करायचं, काकू! उद्यापासून आराम. आम्ही यंत्र आणलंय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी कुणाची होती ते मला आठवत नाही, पण नंतर सगळं हॉटेल वाजलं, अगदी दाराबाहेरचे लोकसुद्धा. काकूने मान वर केली नाही. नारळ पोटाशी धरून ती बाजूच्या दरवाजाने जिना चढून गेली. दादांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते तव्यावरचे पाव उलटत होते. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "वर जाऊन सांगितलं असतंस." या विषयावर ते माझ्याशी एवढंच बोलले, आणि तीन वर्षांनी गेले.

पुढच्या चार महिन्यांत काकू रोज पाचला उठत होती. पायांचा आवाज मला अंथरुणात ऐकू यायचा. ती चहा करायची, गॅलरीत उभी राहायची, पुन्हा आत यायची. तिच्या हातांना आता लसणाचा वास येत नव्हता. कार्तिक आला, मार्गशीर्ष आला, तरी खोबरेल, चंदन, उदबत्ती. मी तिला बारा महिन्यांचा श्रावण दिला होता, आणि तिने तो कधी मागितला नव्हता. पौषात ती आठ दिवसांसाठी अँटॉप हिलला, आपल्या भावाकडे सरकारी वसाहतीत राहायला गेली. ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत. भाऊ गेला, आता त्याच्या मुलीजवळ, नलिनीजवळ राहते. लालबागहून अँटॉप हिलला बसने जायला असा किती वेळ लागतो! दर दिवाळीला मी फराळ घेऊन जात राहिलो. चहा होई, तब्येतीची चौकशी होई, माझ्या मुलीचं, मुक्ताचं शिक्षण कुठवर आलं ते विचारलं जाई. त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही, आणि मीही बोललो नाही. तिने मनावर घेतलं नसावं, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती.

गिऱ्हाइकांपैकी एकट्या कांबळे मामांनी तेव्हा काहीतरी ओळखलं होतं. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, गिरणी बंद पडल्यावर पहारेकरी झाले. बुद्धविहाराजवळच्या चाळीतून रोज सकाळी येत, अर्धा भाग खात आणि अर्धा कागदात बांधून बायकोसाठी नेत. सत्कारानंतर आठवड्याभराने त्यांनी थाळी माझ्याकडे परत सरकवली होती. "दिगू, हे कोणी केलंय रे?"

"का मामा? चव बिघडली?"

"चव तीच आहे. पण हे कोणी केलंय असं वाटत नाही."

मी तेव्हा हसून सोडून दिलं. सवय होईल, म्हणालो. दादांचे शब्द वापरले, पण दादा हात बदलल्याबद्दल बोलले होते, आणि मी तर हातच काढून टाकला होता.

यंदाच्या श्रावणात हे सगळं वर आलं ते एका अगदी साध्या प्रश्नाने. गेली दोन वर्षं हॉटेल मुक्ताच बघते. शिकून आली आहे, तरी पाव कापूनच देते, सॉस ठेवत नाही. फळ्या लागल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी ती मोजपट्टी घेऊन आत फिरत होती. माझी खुर्ची दाराजवळच्या खांबाला टेकून असे. तिथून भट्टीही दिसे आणि रस्ताही. मुक्ता माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाबा, एक विचारू? तुमची खुर्ची आतल्या बाजूला घेतली तर चालेल? इथे रांगेला जागा होईल."

"घे की. मला काय विचारतेस?"

"असं कसं? तुमची जागा आहे. नको असेल तर नको म्हणा, दुसरं काहीतरी बघू. आणि तोंड पाडून हो म्हणू नका हां, मला कळतं."

ती पुढे मापं घ्यायला लागलीसुद्धा. एका खुर्चीसाठी, दोन हात आत सरकवायच्या खुर्चीसाठी, माझी मुलगी मला विचारत होती. आणि मी एका बाईच्या आयुष्यातलं सगळंच्या सगळं काम, तिला न विचारता, वर शाल पांघरून काढून घेतलं होतं.

दुसऱ्या श्रावणी सोमवारी मी अँटॉप हिलला गेलो. दिवाळी नसताना मी आलेला पाहून काकूने दारातच विचारलं, "कोण गेला?"

"कुणी नाही. सहज आलो."

"सहज तू कधी इलंस?" ती आत वळली. "बस. चाय ठेवतंय."

ती आता ऐंशी ओलांडून गेली आहे. नलिनी कचेरीत गेली होती, घरात आम्ही दोघंच. खिडकीबाहेर वसाहतीतल्या वायरींवर पाणी ठिबकत होतं. चहाचा कप हातात धरून मी बोलायला लागलो. सगळं सांगितलं. तो तरुण माणूस हसला होता इथपासून, टाळ्यांपर्यंत. शेवटी म्हणालो, "काकू, माझं चुकलं. तुला आराम द्यायचा होता असं मी म्हणत आलो. पण खरं म्हणजे मला तुझी लाज वाटली होती."

काकूने बराच वेळ बशीतला चहा फुंकला. मग आपली मनगटं माझ्यापुढे धरली. "ही दुखायची. तुला ठाऊक होतं?"

"नाही."

"कसं असणार? त्या श्रावणात मी ठरवलं होतं, आता पुरे. चतुर्दशीनंतर सुजाताला बसवणार होते. महिनाभर तिला शिकवत होते मी, कणकेवर."

सुजाता म्हणजे माझी बायको. एकाएकी मला आठवलं, की त्या श्रावणात आमच्याकडे महिनाभर जाड, मध्ये दबलेल्या पोळ्या होत होत्या, आणि मी सुजाताला एकदा चिडवलंही होतं, की लग्नाला दहा वर्षं झाली, आता पोळ्या विसरलीस काय.

"मी स्वतः परात तिच्यापुढे सरकवणार होते," काकू म्हणाली. "सासूबाईंनी मला दिली तशी. सोडायचंच होतं रे मला, दिगू. पण माझ्या हाताने सोडायचं होतं. तू ओढून घेतलंस."

मी एका चुकीची माफी मागायला आलो होतो. ती चूकसुद्धा मला नीट ठाऊक नव्हती.

"मग आता तू सांग, मी काय करू? यंत्र काढून टाकतो. मुक्तालाही ते पटेल."

"यंत्र कित्याक काढतंस?" काकू एकदम चिडली. "त्या पोरीची मनगटं झिजवूची आसत काय? ऱ्हवांदे तां." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझी माफी तू इथे मागितलीस, बंद खोलीत. त्या दिवशी मात्र मला खाली बोलावलं होतंस. सगळ्यांसमोर. हे पण सगळ्यांसमोर बोल."

"तू येशील?"

"मी नाही यायची. एकदा आले तेवढं पुरे."

घरी आल्यावर मी सुजाताला विचारलं, तू मला कधीच का सांगितलं नाहीस? ती गवार निवडत होती. म्हणाली, "काय सांगणार? यंत्र आलंच होतं. तुम्ही तर हारही आणला होता."

गणपती आले, गेले. लालबाग त्या दिवसांत कसं असतं ते सांगायला नको. पण मला त्या गर्दीतलं या वेळी काहीच नीट दिसलं नाही. मी सारखा मनात वाक्यं जुळवत होतो आणि मोडत होतो. मागच्या वेळी भाषण पाठ केलं होतं, म्हणून या वेळी पाठ करायचं नाही असं ठरवलं, आणि मग त्याचीच भीती वाटू लागली. छप्पन्न वर्षांच्या माणसाला दहा माणसांसमोर चार खरी वाक्यं बोलायची भीती वाटावी, हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताने भट्टी पेटवली. पहिल्या चकत्या तव्यावर पडल्या आणि तो आवाज, तो वास एकदम सगळीकडे भरून गेला. दीड महिना रिकाम्या राहिलेल्या भिंती तो जणू ओढून घेत होत्या. रांग दाराबाहेर गेली. मी उठून उभा राहिलो. "मंडळी, एक मिनिट," म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. मुक्ताने उलथन्याने तव्यावर दोनदा वाजवलं, तेव्हा माना वर झाल्या.

मी सांगितलं. की या हॉटेलातली प्रत्येक चकती तीसहून अधिक वर्षं एक बाई वरच्या खोलीत बसून हाताने करत होती. की मी तिला इथे बोलावून, शाल देऊन, तिला न विचारता तिचं काम काढून घेतलं. की त्या वेळी मला वाटलं, मी तिचा मान केला. तो मान नव्हता, आणि हे मी तिला सांगितलं आहे, पण तिचं म्हणणं आहे की तुम्हालाही सांगावं. एवढंच.

शांतता झाली खरी, पण मला वाटली होती तशी नाही. बहुतेक मुलं विशीतली, काचेच्या इमारतीतली. त्यांचा या सगळ्याशी काय संबंध? ती एकमेकांकडे बघू लागली. दाराजवळच्या एकाने अदबीने विचारलं, "अंकल, म्हणजे आज हाताने बनवलेलं नाहीये का?" दुसरा म्हणाला, "अरे गप रे." मग कुणीतरी पार्सलला किती वेळ लागेल ते विचारलं आणि हॉटेल पुन्हा सुरू झालं. मी खाली बसलो. ज्यांच्यासमोर बोलायचं होतं ते कधीच निघून गेले होते, कुणी गावाला, कुणी विरार-बदलापूरला, कुणी कायमचे. मी वीस वर्षं उशिरा आलो होतो.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून काठीचा आवाज आला. कांबळे मामा. ऐंशीच्या घरातले, पाठीत वाकलेले, आता आठवड्यातून एखाद्याच दिवशी येतात. ते माझ्यापर्यंत आले आणि माझ्या आतल्या बाजूला सरकवलेल्या खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"दिगू," ते म्हणाले, "पहिली टाळी माझी होती."

मी त्यांच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.

"मला वाटलं, चांगलं काहीतरी चाललंय. म्हणून वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या." त्यांनी काठी सावरली. "कुठे असते ती बाई आता?"

"अँटॉप हिलला."

"मग नुसता बसतोस काय? मला घेऊन चल."

सोमवारी हॉटेल बंद असतं. आम्ही दोघं टॅक्सीने गेलो. मामांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, आणि वसाहतीचे तीन मजले चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून, दम खात, "आलो, आलो," असं कुणी हाक मारत असल्यासारखं म्हणत होते. दार काकूनेच उघडलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग मामांकडे, पुन्हा माझ्याकडे.

"हे कोण?"

मी काही सांगायच्या आधी मामांनी काठी भिंतीला टेकवून हात जोडले. "वहिनी, मी कांबळे. तुम्ही मला ओळखणार नाही. मी रोज तुमच्या हातचं खायचो. माझी बायकोही खायची, ती आता नाही. त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या होत्या. कळलं नाही मला. चुकलो."

काकू दारात तशीच उभी राहिली. तिची नजर मामांच्या चेहऱ्यावरून फिरत होती, कपाळ, गालांची हाडं, दात पडलेलं तोंड. असं निरखून तिने कुणाकडे बघितलेलं मला आठवत नाही. इतक्या वर्षांत तिच्यापुढे आलेला तो पहिला खाणारा होता.

"किती वर्सां?" तिने विचारलं.

"मोजली नाहीत, वहिनी. सत्तावीस-अठ्ठावीस तरी."

"तिखट लागायचं?"

"नाही. म्हणजे, उन्हाळ्यात थोडं लागायचं."

"उन्हाळ्यात आल्याचा दोष. मी सांगायचे भावोजींना, उन्हाळ्यात आलं कमी आणा. ऐकायचे नाहीत." ती बाजूला झाली. "आत या. दोघं जेवूनच जा. पण सोमवार आहे, वरण-भातच मिळेल, आधी सांगून ठेवते."

मामा चपला काढायला वाकले, आणि मी त्यांचा हात धरला.